चिखलात पाऊस कुठे दिसतो?

प्रश्न असा आला आहे: "समुद्राच्या तळाचा गाळ काढून दहा-वीस हजार वर्षांपूर्वीचा पावसाळा कसा होता ते सांगतात. हे मोजलेलं असतं की अंदाज? आणि मेलेल्या किड्यांच्या शिंपल्यांना पाऊस कळतो कसा?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, म्हणून तेच आधी देते. कळत नाही. समुद्रातल्या एकाही जीवाश्माला पाऊस कळत नाही. तो ज्या पाण्यात जगला ते पाणी किती गार होतं, किती खारं होतं, त्यात खायला काय होतं, एवढंच त्याच्या कवचात उतरतं. त्यावरून वारा, वाऱ्यावरून मोसमी पाऊस, ही पुढची साखळी आम्ही जोडतो. त्यातली कुठली कडी पक्की आणि कुठली कच्ची हे ओळखण्यातच माझी पंचवीसेक वर्षं गेली. वर्तमानपत्रातल्या बातमीत नेमका हाच भाग गळतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की आम्ही चिखलाकडे बघून भविष्य सांगतोय.

आणि ते किडे नव्हेत. फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव. अमीबाचे लांबचे नातेवाईक म्हणा, फक्त अंगाभोवती बहुधा चुन्याचं घर बांधणारे. लॅबमध्ये आम्ही नुसतं 'फोरॅम' म्हणतो. काही जाती पाण्याच्या वरच्या थरात तरंगतात, काही तळाच्या चिखलात राहतात. आकार बहुतेकांचा अर्ध्या मिलिमीटरच्या आतच. मेले की घर तळाशी जातं, वर्षानुवर्षं एकावर एक थर बसत राहतो.

हा थर आम्ही वर काढतो तो लोखंडी नळीने. नळीच्या डोक्यावर टनभर वजन, आत प्लॅस्टिकचा पाइप. तारेवरून खाली सोडायची, ती स्वतःच्या वजनाने चिखलात घुसते. ही साधी ग्रॅव्हिटी कोअर (कोअर म्हणजे गाळाचा उभा स्तंभ), पाच-सहा मीटर मिळाले तरी आम्ही खूश. स्वीडनच्या कुलेनबर्गने १९४०च्या दशकात नळीत दट्ट्या बसवला आणि तेव्हापासून दहा-वीस मीटरचे अखंड स्तंभ मिळू लागले. डेकवर पाइपचे मीटर-मीटरचे तुकडे करतात आणि प्रत्येकावर 'वर' दाखवणारा बाण काढतात. माझ्या पहिल्याच मोहिमेत पहाटे तीन वाजता एका तुकड्यावर मी हा बाण उलटा काढला. काही महिन्यांनी वयं मोजून आली तेव्हा वरचा गाळ खालच्यापेक्षा म्हातारा निघाला! तेव्हापासून बाण काढण्याचं काम मी कुणालाही एकट्याला करू देत नाही.

लॅबमध्ये एकेक सेंटिमीटरच्या चकत्या कापायच्या आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर नळाखाली धुवायच्या. चिकणमाती वाहून जाते, वर उरतो बारीक रव्यासारखा ऐवज. वाळवून तो मायक्रोस्कोपखाली घेतला की कळतं, हा रवा म्हणजे जवळजवळ सगळी घरंच आहेत. मग तीन-शून्य नंबरचा ब्रश ओला करून त्याच्या टोकाने एकेक दाणा वेचायचा. एका नमुन्यात किमान तीनशे फोरॅम जातवार मोजायचे, असा आमचा रिवाज. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, पण शितं तीनशे हवीत आणि कुठल्या पातेल्यातली ते माहीत हवं.

आता 'मोजलेलं की अंदाज'. यासाठी एक जुनी चूक सांगते, कारण या विषयाचा स्वभाव तिच्यात दिसतो.

पाण्यातला ऑक्सिजन दोन मुख्य वजनांचा असतो, हलका १६ आणि जड १८. फोरॅम घर बांधताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतो, आणि पाणी जितकं गार तितका जडाचा वाटा कवचात थोडा वाढतो. ही थर्मामीटरची कल्पना हॅरॉल्ड यूरी यांनी १९४७ साली मांडली. त्यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या चेझारे एमिलियानी यांनी ती खोल समुद्राच्या कोअरवर चालवली आणि १९५५ मध्ये हिमयुगांचे चढउतार दाखवणारा आलेख छापला. आलेख सुंदर होता. पण एमिलियानींनी त्यातला बराचसा चढउतार तापमानाच्या खात्यात टाकला होता.

१९६७ मध्ये निकोलस शॅकल्टन यांनी तळाशी राहणारे फोरॅम मोजले. तिथेही जवळजवळ तेवढाच चढउतार! खोल समुद्राचं तळपाणी आजच गोठण्याच्या जवळपास आहे. ते हिमयुगात आणखी पाच-सहा अंशांनी गार कसं होणार? म्हणजे कवच तापमानापेक्षा दुसरंच काहीतरी सांगत होतं. बाष्पीभवनात हलका ऑक्सिजन आधी उडतो, तो बर्फ होऊन जमिनीवर अडकला की समुद्रात जडाचं प्रमाण वाढतं. ज्याला आपण थर्मामीटर समजत होतो तो बऱ्याच अंशी जगातल्या बर्फाचा तराजू निघाला. मोजमाप एमिलियानींचंही बरोबरच होतं. चुकला तो अर्थ. त्यामुळे माझं उत्तर असं: कवचातलं प्रमाण मोजलेलं असतं, आणि फार बारकाईने मोजलेलं असतं. त्याचा अर्थ हे अनुमान असतं, आणि ते दुसऱ्या स्वतंत्र साक्षीदाराकडून तपासावं लागतं.

आज आम्ही तापमान वेगळं काढतो, कवचातल्या मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या प्रमाणावरून. ते ऑक्सिजनच्या आकड्यातून वजा केलं आणि बर्फाचा हिस्साही वजा केला की उरतो पाण्याच्या खारेपणाचा हिस्सा. बंगालच्या उपसागरात नद्यांचं गोडं पाणी इतकं येतं की हा उरलेला हिस्सा पावसाच्या बराच जवळ जातो. पण बघा, तीन आकड्यांच्या वजाबाकीत तिघांच्याही चुका शेवटच्या आकड्यात येऊन बसतात. तापमानात एक अंश इकडेतिकडे झाला तर ऑक्सिजनच्या आकड्यात साधारण ०.२ सहस्रांशाचा फरक पडतो. सबंध हिमयुगाच्या बर्फाचाच हिस्सा सुमारे १ सहस्रांश, हे लक्षात घेतलं तर ०.२ काही किरकोळ नाही.

शॅकल्टन, हेज आणि इंब्री यांनी १९७६ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या दोन कोअरवरून दाखवलं की हिमयुगांना ठरावीक ताल आहे: सुमारे १ लाख, ४१ हजार आणि २३ हजार वर्षांचा, पृथ्वीच्या कक्षेच्या आणि आसाच्या हालचालींशी जुळणारा. बर्फाच्या याच हिशेबातून कळतं की २१ हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ देशात सर्वांत रुंद, ३०० किलोमीटरच्या आसपास. त्या काळात मुंबईच्या जागेवरून समुद्र गाठायला पश्चिमेकडे दोनशे किलोमीटरहून जास्त चालावं लागलं असतं. त्या तळावर 'फिफ्टी फॅदम फ्लॅट' नावाचं चुनखडीचं पठार आहे. उथळ पाण्यात तयार झालेली ही चुनखडी आज ६५ ते १०० मीटर खोल पडून आहे.

आता पावसाकडे. अरबी समुद्रात मोसमी पावसाचा सर्वांत प्रसिद्ध साक्षीदार म्हणजे ग्लोबिजेरिना बुलॉइड्स. दिसायला ज्वारीच्या चार लाह्या एकमेकींना चिकटाव्यात तशी. मुळात ही गार पाण्यातली जात, उष्ण कटिबंधात तिचं काय काम? तर जून ते सप्टेंबर नैऋत्य वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं गार, खताने भरलेलं पाणी वर येतं. ऐन जुलैत ओमानजवळचा समुद्र गार पडतो, पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचं पीक येतं आणि बुलॉइड्सची चंगळ होते. वारा जितका जोरदार, तितक्या गाळात लाह्या जास्त.

१९८७ मध्ये महासागर खनन कार्यक्रमाच्या ११७व्या मोहिमेने ओमानसमोरच्या समुद्रतळाच्या उतारावर आणि समुद्राखालच्या ओवेन कड्यावर भोकं पाडली. त्यातल्या ७२३ क्रमांकाच्या ठिकाणाच्या कोअरवर आयआयटी खरगपूरचे अनिल गुप्ता आणि त्यांचे अमेरिकी सहकारी यांनी २००३ मध्ये गेल्या दहा हजार वर्षांचा आलेख दिला. सुरुवातीला वारे जोरदार, मग हळूहळू उतार, आणि मधे जे खळगे आहेत ते उत्तर अटलांटिकमधल्या थंडीच्या काळांशी जुळतात. आमच्या पिढीने हा आलेख अक्षरशः पाठ केला.

पण बुलॉइड्स सांगते वारा. ओमानजवळचा वारा. महाबळेश्वरला किती पाऊस पडला हे ती सांगत नाही. वारा वाढला म्हणजे बाष्प जास्त येईल, हे ढोबळमानाने खरं. पण ते कुठे पडेल, घाटावर की गंगेच्या खोऱ्यात, हा वेगळा प्रश्न. याच गटाने त्याआधी, २००२ मध्ये, गेल्या चारशे वर्षांत हे वारे वाढल्याचं दाखवलं होतं. 'मान्सून वाढला' या मथळ्यावर त्यामुळे माझा विश्वास बसत नाही. कुणी असं म्हटलं की मी विचारते: वारा वाढला की पाऊस? कुठला?

पाऊस हवा असेल तर जमिनीवरून आलेलं काहीतरी धरावं लागतं. यात मला सर्वांत आवडणारी गोष्ट आपल्या गोदावरीची आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

२००६ मध्ये जॉइडीस रिझोल्यूशन हे खनन-जहाज भारतासाठी गॅस हायड्रेट शोधत होतं, म्हणजे थंडी आणि दाबाखाली बर्फासारखा गोठलेला मिथेन. गोदावरीच्या मुखासमोर, हजार मीटरहून खोल पाण्यात, त्यांनी एक भोक पाडलं. त्याच्या माथ्यावरचा गाळ इंधनवाल्यांच्या कामाचा नव्हता. आमच्या दृष्टीने ते घबाड होतं: गेल्या ११ हजार वर्षांचा जवळजवळ अखंड थर, आणि तो बराचसा एकाच नदीने आणलेला.

अळूच्या पानावर पाण्याचा थेंब टिकत नाही, घरंगळतो, कारण पानावर मेण असतं. असं मेण थोडंफार सगळ्याच पानांवर असतं. पान कुजतं, मेण सहज कुजत नाही; धुळीबरोबर, पुराबरोबर ते समुद्रात जातं आणि चिखलात हजारो वर्षं टिकतं. झाडं, भात, गहू हे हवेतला कार्बन एका पद्धतीने बांधतात. ज्वारी, बाजरी, ऊस आणि रखरखीत माळावरची बरीच गवतं दुसऱ्या पद्धतीने. दुसऱ्या पद्धतीत जड कार्बन-१३ जास्त शिरतो. म्हणजे मेणातला कार्बन मोजला की खोऱ्यात रान होतं की माळरान याचा पत्ता लागतो. २०१२ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की खोरं दहा हजार वर्षांत एकंदरीत कोरडं होत गेलं, आणि त्यात दोन पायऱ्या ठळक आहेत, एक सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीची आणि दुसरी सुमारे १,७०० वर्षांपूर्वीची.

पुढे २०१७ मध्ये त्याच कोअरमधल्या मातीचं मूळ शोधलं गेलं. निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांत, म्हणजे वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या प्रमाणात, दख्खनच्या बेसॉल्टचा शिक्का वेगळा आणि पूर्वेकडच्या जुन्या खडकांचा वेगळा. दिसलं असं की खोरं कोरडं होत गेलं तसतसा गाळात दख्खनच्या मातीचा वाटा वाढला आणि गाळ साचण्याचा वेगही. पाऊस कमी तर धूप कमी, असं आपल्याला वाटतं. इथे उलटं झालं. लेखकांनी त्याचा संबंध शेतीच्या पसरण्याशी जोडला. काळ बघा: प्रवरेकाठचं दायमाबाद, जोर्वे, ही ताम्रपाषाणयुगीन गावं याच सुमाराची. प्रवरा गोदावरीला मिळते. म्हणजे त्या पहिल्या शेतकऱ्यांच्या वावरातून वाहून गेलेली काळी माती आज बंगालच्या उपसागरात आहे, हे शब्दशः खरं असू शकतं.

तरी सगळं खापर त्या शेतकऱ्यांवर फोडण्याची मला घाई नाही. गवत नुसत्या कोरडेपणानेही विरळ होतं, आणि विरळ गवतावर पडलेला एकच वळीव पुष्कळ माती नेतो. शिवाय मेण जमिनीत शेकडो वर्षं पडून राहून मग नदीत उतरू शकतं, त्यामुळे पायऱ्यांच्या तारखा थोड्या पसरट धराव्या. मला दोन्ही कारणं एकत्र असावीत असं वाटतं. माणूस आणि दुष्काळ यांना मातीच्या एका नमुन्यात वेगळं करणं अवघड आहे.

सिंधू संस्कृतीबद्दलही विचारलं जातं, तेही थोडक्यात सांगून टाकते. कराचीसमोरच्या एका कोअरमध्ये वरच्या पाण्यात राहणाऱ्या ग्लोबिजेरिनॉइड्स रूबरच्या कवचांवरून, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सिंधूचं पाणी घटल्याचं २००३ मध्ये दाखवलं गेलं. शहरं ओस पडण्याशी त्याची वेळ जुळते. पण ती शहरं एका रात्रीत ओस पडली नाहीत, आणि वेळ जुळणं म्हणजे कारण नव्हे.

वेळेचा विषय निघालाच आहे. तारखा ठरवणं हा आमच्या धंद्यातला सर्वांत खर्चिक आणि वादाचा भाग. सुमारे ५० हजार वर्षांपर्यंत रेडिओकार्बन, म्हणजे मेल्यावर ठरावीक वेगाने घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन, चालतो. पण समुद्राचं पाणी स्वतःच 'जुनं' असतं: आज मेलेला फोरॅम साधारण चारशे वर्षं म्हातारा दिसतो, आणि अरबी समुद्रात खालचं पाणी वर येत असल्याने काही ठिकाणी त्याहून जास्त. ही वजावट चुकली की तुमचा दुष्काळ भलत्याच राजाच्या कारकिर्दीत जाऊन पडतो. ५० हजार वर्षांच्याही मागे जायचं तर राख कामाला येते. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा स्फोट इतका प्रचंड होता की त्याची काचेरी राख बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रातही सापडते. कोअरमध्ये ती दिसली की तारीख आयती मिळते. जमिनीवरची राख मात्र इतकी सरळ वागत नाही. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरी इथे राखेचा थर आहे, तो याच टोबाचा की त्याहून कितीतरी जुना, यावर संशोधकांत बरीच वर्षं जुंपली होती.

दुसरी अडचण गांडुळांची. समुद्रातल्या तळाच्या अळ्या, खेकडे वरचे दहाएक सेंटिमीटर सतत घुसळत असतात. खोल समुद्रात हजार वर्षांत एक-दोन सेंटिमीटरच गाळ बसतो, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या घुसळणीत पाच ते दहा हजार वर्षांची भेळ होते. अशा कोअरवरून कुणी शंभर वर्षांच्या दुष्काळाची गोष्ट सांगू लागला तर नम्रपणे उठून चहाला जावं. उताराच्या भागात गाळ कितीतरी वेगाने बसतो, तिथे हिशेब सुधारतो. सर्वांत भाग्याची जागा म्हणजे अरबी समुद्राचा साधारण १५० ते १,००० मीटरचा पट्टा, जिथे पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही. तिथे अळ्या जगत नाहीत, घुसळण नाही, आणि गाळ चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखा पातळ थरांत टिकतो. पाकिस्तानच्या उतारावरच्या अशा थरांत हिमयुगातले चढउतार ग्रीनलंडच्या बर्फाशी पायरीला पायरी जुळतात, हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं. ज्या पाण्यात मासा गुदमरतो, तेच आमचं सर्वांत चांगलं दप्तर.

यावरून पुढच्या पावसाळ्याचं काही सांगता येतं का, असं कुणी विचारलं की मी नाही म्हणते. कोअरमधून पुढच्या वर्षीचा पाऊस निघत नाही. निघतं ते एवढं, की हवा तापली की समुद्र काय करतो. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी काही हजार वर्षांत प्रचंड कार्बन हवेत आला, पृथ्वी पाच ते आठ अंशांनी तापली, आणि दक्षिण अटलांटिकमधल्या वॉल्व्हिस कड्यावरच्या कोअरमध्ये पांढऱ्या चुन्याच्या गाळात अचानक लालसर मातीचा पट्टा येतो, कारण पाणी इतकं आम्लधर्मी झालं की चुना विरघळला. खोल तळावरच्या फोरॅमच्या एक तृतीयांश ते निम्म्या जाती नाहीशा झाल्या. तो पट्टा बोटाने दाखवता येतो. पूर्ववत व्हायला लाखाहून जास्त वर्षं लागली.

तुम्हाला हे स्वतः बघायचं असेल तर जहाज लागत नाही. कोकणात किंवा गोव्यात गेलात की एखाद्या खाडीच्या मुखाशी ओहोटीला उघडा पडणारा चिखल घ्या, वरचा सेंटिमीटरभरच, एक वाटी. बादलीत पाणी घालून ढवळा, मिनिटभर थांबा, गढूळ पाणी ओतून द्या. पाणी नितळ होईपर्यंत हेच करत राहा. तळाशी उरलेलं काळ्या कागदावर वाळवा आणि वीस-तीस पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. वाळूच्या दाण्यांत गोगलगायीसारखी वळलेली, दुधी रंगाची चपटी कवचं दिसली तर ती बहुधा अमोनिया नावाच्या फोरॅमची. पावसाळ्याआधी एकदा आणि गणपतीनंतर एकदा, त्याच जागेवरून घ्या, आणि दोन्ही वेळा वाटीत किती सापडली ते मोजून वहीत लिहा.